चिठ्ठी उघडल्यावर

माझ्या मुलामुलींनो,

मोहाडीत आले की आधी चौंडेश्वरीचं दर्शन घेते. आज तुमच्या बक्षीस समारंभालाही ते घेऊनच आले.

तुमच्याएवढी असताना मी उत्स्फूर्त भाषणाच्या स्पर्धेत चिठ्ठी उचलली. ‘पाऊस’ निघाला. पावसाळ्यावरचा निबंध मला पाठ होता. दोन वाक्यं म्हटली, तिसरं काही केल्या आठवेना. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिले आणि तशीच खाली उतरले. त्याच सकाळी माझी आई डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन चिखलात रोवणी करत होती. पऱ्ह्यांच्या पेंड्या मीच बांदीत नेऊन दिल्या होत्या. तेवढं सांगितलं असतं तरी भाषण झालं असतं. पण असलं काही भाषणात सांगायचं असतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

ते शिकवलं मंडईतल्या खडी गंमतीनं. दिवाळीनंतर आपल्या गावागावांत मंडई भरते, तिथं ही खडी गंमत होते. एका शाहिरानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं तिथल्या तिथं जवाब द्यायचा. सोंगाड्या तर गावातलं कालपरवाचं काहीही उचलतो नि संवादात गुंफतो. मी अगदी ढोलकीशेजारी बसून पाहिलंय, समोरचा बोलत असताना तो मान तिरकी करून नुसता ऐकत असतो. त्याचा जवाब त्या ऐकण्यातून येतो. आपले गाडगेबाबाही कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारत आणि मिळालेल्या उत्तरावरून पुढं जात.

म्हणून चिठ्ठी उघडली की दोन श्वास घ्या, लोक थांबतात. या विषयातलं आपण स्वतः काय पाहिलं, ते आठवा. ‘वस्त्र’ निघालं तर आंधळगावच्या कोसा रेशीम विणणाऱ्या मागापासून सुरुवात करा. हात थरथरतील, थरथरू द्या. आणि झाडीबोलीतला शब्द ओठावर आला तर गिळू नका. शुद्ध शब्द शोधता शोधता आपली कितीतरी हुशार लेकरं गप्प राहतात, याचं मला फार वाईट वाटतं.

रोज संध्याकाळी आजीसमोर एक मिनिट उभे राहा. विळा, कंदील, एसटीचं तिकीट, हाताला लागेल त्यावर बोला. आजी ‘मंग?’ म्हणाली की पुढचं वाक्य आपोआप येतं.

सरांना विचारून मी चिठ्ठ्यांचा एक डबा आणलाय. बक्षीस घ्यायला येणाऱ्या प्रत्येकानं त्यातली एक उचलायची आणि मिनिटभर बोलायचं. पहिली चिठ्ठी माझी. बाळा, डबा इकडे आण.