आधीं गुणाकार कीं आधीं बेरीज?

मुरबाडाहून माळशेजच्या रस्त्यानें निघालें म्हणजे वैशाखरे गांवापुढें नाणेघाटाची पाऊलवाट लागते. सोपारा, कल्याण या बंदरांत उतरलेला माल पूर्वीं याच वाटेनें जुन्नरास चढत असे. घाटमाथ्यावरील लेण्यांत सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. तो सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा आहे. यज्ञांत दिलेल्या दक्षिणेची ही नोंद असल्यामुळें तींत गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण यांचे आंकडे आले आहेत. भगवानलाल इंद्रजी यांनीं १८७६ च्या सुमारास या आंकड्यांवर निबंध लिहिला, तेव्हांपासून जगांतील गणिताच्या इतिहासकारांस हा घाट ठाऊक झाला.

त्या लेखांत २४,४०० कार्षापणांचा एक आंकडा आहे. लिहिणाराजवळ शून्य नव्हतें, आणि स्थानावरून अंकाची किंमत ठरविण्याची आजची रीतहि नव्हती. हजाराच्या खुणेला विसाची खूण जोडली कीं वीस हजार; हजाराच्याच खुणेला चाराची जोडली कीं चार हजार; शंभराच्या खुणेला चाराची जोडली कीं चारशें. एकमेकींस जोडलेल्या खुणांचा गुणाकार करावयाचा, आणि शेजारीं शेजारीं ठेवलेल्यांची बेरीज. आधीं गुणाकार, मग बेरीज, असा नियम तेथें कोरलेला नाहीं. तो त्या जोडकामांतच आहे.

मराठी बोलतांनाहि हेंच घडतें. ‘दोनशें पांच’ म्हणजे शंभराची दुप्पट आणि वर पांच, हें शाळेचें तोंड न पाहिलेल्या माणसासहि सांगावें लागत नाहीं. शंभर व पांच यांची बेरीज करून तिची दुप्पट कोणी करीत नाहीं.

असें असतां शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या पाड्यांवरून शाळेंत येणारा मुलगा १० + ३० × २ या उदाहरणाचें उत्तर ८० कां लिहितो? त्याच मुलास आईबरोबर बाजारांत बसूं द्यावें. गिऱ्हाइकानें दहा रुपयांची कोथिंबीर आणि तीस रुपये किलोची भेंडी दोन किलो घेतली, तर तो सत्तर रुपयेच मागेल. ऐंशी मागितले तर गिऱ्हाईक भांडेल, आणि त्याचें भांडणें रास्तच ठरेल. मुलास हिशेब येतो. पाटीवरची ओळ हा हिशेबच आहे, हें त्यास कोणी दाखविलेलें नसतें. शिष्यवृत्तीच्या परीक्षेंत मात्र ७० आणि ८० यांत एका मुलाचें भवितव्य अडकलेलें असूं शकतें.

शाळेंत त्याच्या हातीं देतात तो ‘कंचेभागुबेव’ हा मंत्र. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. मंत्र सोयीचा खरा; पण तो अक्षरशः पाळणाराची फसगत होते. शहापुराहून मुरबाडास निघालेल्या एस. टी. गाडींत १५ उतारू आहेत. वाटेंत किन्हवलीस ६ उतरले, ४ चढले. ओळ झाली १५ − ६ + ४. मंत्रांत ‘बे’ आधीं आणि ‘व’ मागाहून, म्हणून ६ आणि ४ यांची बेरीज करून ती पंधरांतून वजा केली, तर गाडींत ५ उतारू उरतात. वाहकास विचारावें, तो १३ सांगेल! बेरीज व वजाबाकी यांचा दर्जा एकच; तीं डावीकडून उजवीकडे, जशीं येतील तशीं करावयाचीं. भागाकार-गुणाकारांचेंहि तसेंच. अमेरिकेंतल्या मुलांच्या मंत्रांत गुणाकार भागाकाराच्या आधीं येतो. म्हणून २४ ÷ ४ × २ यांत तेथील मुलें १२ ऐवजीं ३ वर जाऊन पडतात. मंत्र निराळा, खड्डा तोच.

कंसाचें काम बोलण्यांत ‘प्रत्येकीं’ हा शब्द करतो. तीन मुलांस प्रत्येकीं वीस रुपयांची वही आणि पांच रुपयांची लेखणी द्यावयाची, तर (२० + ५) × ३, म्हणजे ७५ रुपये. कंस पुसला कीं एक वही आणि तीन लेखण्या उरतात, किंमत ३५ रुपये, आणि दोन मुलें वहीवांचून घरीं जातात. ‘चे’ हा तर आपल्याच बोलीचा. आठांचें अर्धें ही एकच वस्तु, म्हणून ती आधीं करून घ्यावयाची.

हा सारा घोळ चिन्हांमुळें आला. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त उदाहरणें शब्दांत आहेत, कोणतें कृत्य आधीं आणि कोणतें मागून, हें वाक्यच सांगतें. अधिक-उणें हीं चिन्हें १४८९ सालीं जर्मनींत छापलीं गेलीं, गुणाकाराची फुली १६३१ सालीं इंग्लंडांत, भागाकाराची खूण १६५९ सालीं स्वित्झर्लंडांत. वाक्य आटून एक ओळ झालें, आणि त्याबरोबर ‘मग’, ‘वर’, ‘प्रत्येकीं’ हे शब्दहि गळाले.

यंत्रांचेंहि एकमत नाहीं. दुकानांतल्या साध्या गणकयंत्रावर १० + ३० × २ अशीं बटणें दाबलीं तर तें ८० दाखवितें. तेंच मोबाइल फोनच्या गणकांत ७० येतें. मुरलेला दुकानदार या वादांत पडत नाहीं. तो आधीं ३० आणि २ यांचा गुणाकार दाबतो, आणि मग त्यांत कोथिंबिरीचे दहा मिळवितो.