पाया आधी, देखावा नंतर
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे मेली, ती बहुतांशी स्वतःच्याच घरांखाली. दोन-दोन फूट रुंदीच्या त्या दगडमातीच्या भिंती भक्कम दिसत. पण आतला व बाहेरचा थर सांधणारे आरपार दगड त्यांत क्वचितच होते, आणि वर माळवदाचे ओझे. तेव्हापासून दगडावरचा विश्वास उडाला व सिमेंट म्हणजे सुरक्षितता, हे समीकरण रूढ झाले. ते भ्रामक आहे. दारा-खिडक्यांवरून घराला सभोवार बांधणारा सळईचा पट्टा नसेल, तर सिमेंटचे घरही दगा देते.

घरकुलासाठी २०१६ च्या केंद्रीय योजनेने सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये ठरविले, तेही हप्त्यांनी. हप्ता रखडला की सावकार आलाच! मग काटछाट होते ती न दिसणाऱ्या गोष्टींत. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेलाच पाहिजे. परंतु गावात प्रतिष्ठा स्लॅबची! माझे स्पष्ट मत असे की, तूर्त पत्रे घालावेत. छत पुढे बदलता येते, पाया मागाहून खोल करता येत नाही. (चूल कोठे असावी, हे मात्र घरातील स्त्रीला विचारावे, सहसा कोणी विचारीत नाही.)

पट्ट्याची सळई काँक्रीटखाली झाकण्यापूर्वी अभियंत्याने प्रत्यक्ष येऊन ती तपासावी, ही मागणी ग्रामसभेत लेखी नोंदवा. नुसत्या छायाचित्रावर हप्ता सुटतो; सळई त्यात मोजली जात नाही.