भडगावला ते ग्रहण खग्रास का नव्हते?

श्रोतेहो, २२ जुलै २००९, आषाढी अमावास्येची सकाळ. सूर्य उगवला तोच चंद्राने कुरतडलेला. सहा वाजून वीस-पंचवीस मिनिटांच्या सुमारास नंदुरबारकडे ग्रहण खग्रास झाले. भडगाव तिथून सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटर. पण इथे ते खंडग्रासच राहिले. असे का बरे?

चंद्राची गडद सावली सगळ्या मुलखावर पडत नाही. त्या दिवशी आपल्याकडे तिचा पट्टा होता दोनशे किलोमीटरांच्या आसपास रुंदीचा. सुरत, नंदुरबार, इंदूर, भोपाळ, वाराणसी, पाटणा असा तो गेला, आणि आपली गिरणाकाठची गावे त्याच्या दक्षिणेला राहिली. अर्थात पट्ट्यात असून सुरतकरांना पावसाळी ढगांनी फसवले. वाराणसीच्या घाटावरच्या लोकांचे नशीब मात्र चांगले!

ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. शेजारच्या चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण येथे इ. स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ स्थापला. चंद्र ढगासारखा खालून येऊन सूर्याला झाकतो, म्हणून ग्रहण एका देशी दिसते, दुसऱ्या देशी दिसत नाही, हे आचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त सांगून ठेवले आहे. तो ग्रंथ ११५० चा.

आता कुणी म्हणेल, नव्वद टक्क्यांहून जास्त सूर्य झाकला होता ना, मग फरक तो काय? फरक मोठा आहे. सूर्याचा शंभरातला पाचवा हिस्सा नव्हे, नुसते पाच भाग उरले, तरी तो उजेड पौर्णिमेच्या वीस हजार चंद्रांएवढा असतो. त्यापुढे सूर्याभोवतीची ती रुपेरी प्रभा दिसायची नाही. आणि डोळ्याला इजा व्हायची ती अशाच वेळी, कारण सूर्य मंद वाटतो म्हणून माणूस टक लावून बघतो. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, परातीतले हळदीचे पाणी, यांपैकी कशावरही विसंबू नका.

गुरुजींनी पोरांना सूर्याकडे पाठ करून उभे करावे आणि घरची पिठाची नव्हे, मोठ्या भोकांची चाळण उन्हात धरावी. जमिनीवर प्रत्येक भोकाचा एकेक कोरीचा सूर्य उमटतो. निंबाच्या सावलीतही तेच दिसेल.

२ ऑगस्ट २०२७ ला दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास आहे, ढगांनी वाट दिली तर. २० मार्च २०३४ चा खग्रास पट्टा भारतात लडाख-काश्मीरकडून जाणार. भडगावला तेव्हाही खंडग्रासच. तेव्हा चाळण हाताशी असू द्या.