सांदणीच्या सावलीतून

पाठीवर बिऱ्हाड बांधायचं आणि नदीच्या पात्रातूनच चालत राहायचं. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे, वर आभाळाची चिंधी. अमेरिकेत ॲरिझोना-युटाच्या वाळवंटात अशा भटकंतीला जगभरातून लोक येतात. तिथवर जाण्याची ऐपत माझ्यासारख्या कवीची नाही. पण आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या साम्रद गावाजवळ, सांदण दरी आहे. हाटकेशहून रिक्षा, मीरा रोडहून लोकल, दादरला बदलून कसारा, पुढे जीप.

पहिल्या खेपेला वाटाड्यानं आम्हाला दरीच्या तोंडावरूनच परत फिरवलं. मार्चअखेर होती. बरोबरची पोरं रजा टाकून आलेली, हुज्जत घालू लागली, "दादा, ऊन पडलंय की!" तो म्हणाला, "ऊन तुमच्या डोक्यावर हाय. तिकडं गडाकडं काय दाटलंय ते बघा."

त्याचं म्हणणं कळायला एकच उदाहरण पुरे. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातल्या अँटिलोप दरीत अकरा पर्यटक वाहून गेले. पाऊस पडला होता कित्येक मैल दूर. आमच्या हाटकेशला पाणी घोट्याला लागतं, मग गुडघ्याला, तोवर माणूस जिना चढतो. घळीत जिना नसतो. म्हणून पावसाळ्यात सांदणीत उतरायचंच नाही आणि अवकाळीचा वास आला तरी नाही.

पुढच्या डिसेंबरात उतरलो. तिकडचा वालुकाश्म पुराच्या वाळूनं घासून गुळगुळीत होतो. आपला बसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो भेगांनी फुटतो, म्हणून पायाखाली टेम्पोएवढाले धोंडे. दोन किलोमीटरभर लांबीच्या या दरीत कडे दोनशे फुटांवर जातात आणि काही ठिकाणी हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात. सुरुवातीच्या डोहांत पाणी कमरेवर. ऊन फारसं पोचत नाही, त्यामुळे असं गार की बोलणं थांबतं. पाठपिशवी डोक्यावर, डबा पिशवीत, आणि पिशवीत बायकोनं कोंबलेला स्वेटर.

पुढे दोरावरून उतरायचे टप्पे, पहिला सुमारे पंचेचाळीस फुटांचा. पन्नाशीत कड्याकडे पाठ करून मागे झुकायचं, तर गुडघ्यांपेक्षा मनच जास्त कुरकुरतं. खालून पोरं ओरडत होती, "चाचा, पाय सरळ ठेवा!"

रात्री दरीतच मुक्काम केला. समोर बाणाचा सुळका. एक गंमत सांगतो. रतनगडावर उगम पावलेली प्रवरा पूर्वेला गोदावरीकडे जाते आणि शेजारच्याच सांदणीचं पाणी पश्चिमेला कोकणात कोसळतं. वाहत्या नदीकाठी बसलात तरी वुजूला पाणी बेतानं घ्या, असं अम्मी सांगायची. तिथे बाटलीतलं पाणी तसंच, झाकणानं मोजून प्यालो.

दुसऱ्या दिवशी डेहण्याला पोचलो. आसनगावची जीप भरलीच होती. ड्रायव्हरनं पिशव्या टपावर टाकल्या आणि वयाचा मान म्हणून मला पुढे बसवलं.