नोकरी सोडल्यानंतरचं व्याज
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आणि सांगितलं, विषय तुझ्या आवडीचा घे. मी सॉफ्टवेअरवाली, म्हणजे एआयवर बोलेन असं त्यांना वाटलं असणार. मी बोलणार आहे आठवीतल्या चक्रवाढ व्याजावर. गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत, म्हणून आकडे घरून दोनदा तपासून आणले आहेत.

मुद्दल एक लाख, दर ८ टक्के, मुदत २० वर्षं. बाईंच्या सूत्राने होतात ४ लाख ६६ हजार. हेच पैसे बँकेच्या ठेवीत असले आणि दर वर्षीच्या व्याजावर ३० टक्के कर गेला, तर खरा दर उरतो ५.६ टक्के आणि हातात येतात २ लाख ९७ हजार. आता कर तोच ३० टक्के ठेवा, पण दर वर्षी न कापता शेवटी एकदम कापा. मिळतात ३ लाख ५६ हजार. कराचा दर तोच, फक्त कापायची वेळ बदलली, तर ५९ हजारांचा फरक! निवृत्तीच्या खात्यात पैसा आतल्या आत वाढत असताना सरकार त्याला हात लावत नाही, त्याचं मोल एवढं आहे.

पीपीएफमध्ये तर व्याजावर कर वाढतानाही नाही आणि काढतानाही नाही. नवी करप्रणाली घेतली म्हणून गुंतवणुकीवरची वजावट जाते, व्याजाची माफी जात नाही. तेव्हा त्या रागात कुणी खातं बंद करू नका. एनपीएसमध्येही वाढीवर कर नाही, शेअरमधले पैसे रोख्यांत वळवले तरी नाही. साठीला एकूण निधीच्या ६० टक्क्यांपर्यंतची एकरकमी रक्कम करमुक्त असते. उरलेल्यातून जी पेन्शन सुरू होते, ती मात्र दर महिन्याचं उत्पन्न म्हणून करपात्र. हे बरेच जण विसरतात.

आता पीएफ. इथे मी स्वतः आपटले आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी २००३ ते २०१५ सलग बारा वर्षं नोकरी केली. मग मुलं लहान, सासूबाईंचं आजारपण, अशा सगळ्यात राजीनामा दिला. पीएफमध्ये सुमारे सात लाख होते. ते तसेच ठेवले, कारण व्याज साडेआठच्या आसपास मिळत होतं. सहा वर्षांत त्याचे जवळजवळ साडेअकरा लाख झाले. २०२१ च्या मे महिन्यात घरासाठी ते काढले आणि ऑगस्टमध्ये मला पुन्हा नोकरी लागली. पाच वर्षांच्या वर नोकरी झालेली, म्हणजे सगळं करमुक्त, अशी माझी खात्री. विवरणपत्र भरताना सीएनी विचारलं, "मॅडम, नोकरी कधी सोडलीत?"

पीएफच्या व्याजावरची माफी आपण नोकरीत असेपर्यंतच. सोडल्याच्या दिवशी खात्यात जे होतं ते करमुक्त राहतं. त्यानंतर व्याज जमा होत राहतं, पासबुकात दिसत राहतं, पण ते 'इतर उत्पन्न' म्हणून करपात्र असतं. बंगळुरूच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने २०१७ साली हेच सांगितलं. त्या प्रकरणातले गृहस्थ २००२ मध्ये निवृत्त झाले आणि त्यांनी पैसे २०११ मध्ये काढले. मधल्या नऊ वर्षांचं व्याज करपात्र ठरलं. माझं व्याज साडेचार लाखांच्या घरात होतं आणि नव्या पगारामुळे मी ३० टक्क्यांच्या टप्प्यात. सव्वा लाखावर कर भरला.

पण खरी चुटपुट वेगळीच आहे. घरी असलेल्या त्या सहा वर्षांत माझं दुसरं उत्पन्न शून्य होतं. दर वर्षीचं साठ-नव्वद हजारांचं व्याज मी त्या त्या वर्षी विवरणपत्रात दाखवलं असतं, तर अडीच लाखांच्या मर्यादेखाली राहून एक रुपयाही कर लागला नसता. "मला कुठे उत्पन्न आहे?" म्हणून मी विवरणपत्रच भरलं नव्हतं. कमवत नाही म्हणजे आपला हिशेबच नाही, असं मीच धरून चालले होते.

मेळाव्याआधी आपल्या ग्रुपवर विचारलं, तर आठ जणींनी कळवलं की नोकरी सोडली आहे आणि पीएफ तिथेच पडून आहे. पाहू कधीतरी, असं सगळ्यांचं उत्तर. अगं, कधीतरी नको. पुन्हा नोकरी लागल्यावर जुनं खातं नव्यात वर्ग केलंत, तरी मधल्या काळातलं व्याज करपात्रच राहतं.

मोठ्या पगारवाल्यांसाठी एकच गोष्ट: १ एप्रिल २०२१ पासून स्वतःच्या पगारातून वर्षाला अडीच लाखांपेक्षा जास्त पीएफ कापला गेला, तर त्या वरच्या रकमेच्या व्याजावर दर वर्षी कर आहे. व्हीपीएफ वाढवून ठेवलेल्यांनी पासबुक उघडून पाहा.

जेवणानंतर मी आपल्या जुन्या वर्गाबाहेरच्या कट्ट्यावर लॅपटॉप घेऊन बसते आहे. यूएएन आणि आधारला जोडलेला मोबाइल घेऊन या. यूएएन २०१४ मध्ये आला. त्याआधीच ज्यांनी नोकरी सोडली, त्यांनी घरी फोन करून जुन्या पगाराच्या पावतीवरचा पीएफ नंबर तेवढा मागवून ठेवा.