कात्रज ते सिंहगड: डोंगरधारेवरची धाव



पुण्याच्या दक्षिणेला कात्रजचा जुना बोगदा आहे.
तिथून एक पायवाट डोंगरधारेवर चढते.
ती थेट सिंहगडाच्या घाटरस्त्याला मिळते.

या वाटेवर टेकड्यांमागून टेकड्या येतात.
चढ दमवतो,
पण खरी परीक्षा उताराची.
सुट्या मुरमावरून पाय घसरतो.
उतरताना पावलं छोटी टाका.
बुटाच्या तळाला खोल खाचा हव्यात.

आणि मुख्य गोष्ट, पाणी!
धारेवर पाण्याचा भरवसा नाही,
सावलीही फारशी नाही.
पाणी पाठीवर घेऊनच निघा.

नवख्यांनी आधी वेताळ टेकडीवर सराव करावा.
ती शहरातच आहे,
आणि माझी फार लाडकी.

मग हिवाळ्यातल्या एखाद्या पहाटे,
जाणत्या सोबत्याबरोबर,
कात्रज गाठा.
पुन्हा सांगते, पाणी सोबत हवंच.

परतीसाठी सिंहगडाच्या पायथ्याहून पीएमपीची बस मिळते.