रविवारची फियाट

आज शेळीपालन नाही आणि गांडूळखतही नाही. आज मी एका मोटारीबद्दल बोलणार आहे. हसू नका. आमच्याच घरातली गोष्ट आहे, आणि बचतगटाच्या रजिस्टरपर्यंत गेलेली आहे, म्हणून सांगते.

आमच्या ह्यांना जुनी फियाट घ्यायची होती. फियाट म्हणजे ती प्रीमियर पद्मिनी, मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावायची ती. माझे सासरे लातूरला एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर होते. डॉक्टरांच्या फियाटचा गिअर स्टेअरिंगपाशीच असायचा, आणि हे लहान असताना सासरे त्यांना मांडीवर बसवून तो गिअर टाकू द्यायचे. सासरे गेले, डॉक्टर गेले, गाडी कुठे गेली कुणास ठाऊक. गेल्या दिवाळीनंतर ह्यांना कुणीतरी सांगितलं की नांदेडला एका वाड्यात तशीच एक गाडी उभी आहे आणि विकायची आहे. मागतात एक लाख दहा हजार. झालं. गिरणीवर दळण टाकायला आलेल्या माणसालाही हे फियाटच सांगायला लागले.

मी आधी चिडले, खरं सांगते. घरात मोटारसायकल आहे, दारात एसटी थांबते, तुळजापूरला जायचं तर मला अर्धं तिकीट. मग गाडी कशाला? हे म्हणाले, "कामाला नाही गं. रविवारी. तू, मी, लेकरं. औशाचा किल्ला बघू, तुळजापूरला जाऊ, नाहीतर नुसतं फिरून येऊ." लग्नाला सतरा वर्षं झाली. या माणसानं स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवेना. बायका म्हणतात, मालकाची हौस म्हणजे दारू नाहीतर पत्ते. इथं तर सगळ्यांना गाडीत बसवून न्यायची हौस. नाही म्हणायला माझं तोंड उघडेना.

घरात साठ हजार होते. त्यातले निम्मे लेकीच्या अकरावीसाठी बाजूला ठेवलेले. लातूरला ठेवायचं म्हणजे खोली आणि मेस आलीच, तुम्हाला माहीत आहे. उरलेले पन्नास हजार गटातून उचलावेत, असं माझ्याच मनात आलं. आमच्या अध्यक्षबाई तर म्हणाल्या, "ताई, तुम्ही समन्वयक. तुमच्यासाठी ठराव करायला कितीसा वेळ लागतो?" बैठकीत अर्ज भरायला घेतला. नाव लिहिलं, रक्कम लिहिली. पुढचा रकाना, कर्जाचं प्रयोजन. सचिव पेन धरून बसली आणि अगदी सरळपणानं तिनं विचारलं, "ताई, काय लिहू?"

मैत्रिणींनो, दोन वर्षांपूर्वी याच सतरंजीवर एका वहिनीचा अर्ज मी परत केला होता. नवऱ्याला प्रवासी वाहतुकीसाठी जुनी जीप घ्यायची होती. मी तिला म्हटलं होतं, कागद नीट नाहीत, शिवाय कर्ज तुझ्या नावावर आणि गाडी त्याच्या नावावर. ती वहिनी त्या दिवशी माझ्या समोरच बसली होती. काही बोलली नाही. मी अर्ज घडी घालून पिशवीत ठेवला आणि म्हटलं, आधी हिशेब करून येते.

घरी आल्यावर वहीची दोन पानं घेतली. विकत घ्यायची किंमत सगळे सांगतात, घेतल्यानंतरची कुणी सांगत नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर गाडी आरटीओकडे तपासणीला न्यायची आणि पाच-पाच वर्षांसाठी मुदत वाढवून घ्यायची. वीस वर्षांपेक्षा जुन्या चारचाकीला त्याची फी ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार रुपये झाली. मोटारसायकल तेवढी जुनी असेल तर दोन हजार. मुदत संपून राहिली असेल तर चारचाकीला उशिराचे महिन्याला पाचशे वेगळे, आणि पर्यावरण कर वेगळा. विमा, नुसता थर्ड पार्टीचा, या गाडीच्या इंजिनाला वर्षाला ३,४१६ रुपये, वर कर. गटाचं व्याज शेकडा दोन. पन्नास हजार, महिन्याला अडीच हजार मुद्दल फेडत गेलं तर वीस महिन्यांत साडेदहा हजार व्याज होतं. मिस्तरीनं टायर, बॅटरी आणि पत्र्याच्या कामाचे चाळीस हजार सांगितले होते. बेरीज पावणेदोन लाखाला टेकली, उशिराचा दंड न धरता. आता पावसाळा, पेरणी, काढणी, लग्नसराई सोडून वर्षात आम्हाला तीस रविवार मिळतील. पाच वर्षांत दीडशे. म्हणजे एक रविवार साडेअकराशे रुपयांच्या वर गेला, पेट्रोल न घालता. तुळजापूरला जाऊन यायचं तर अशी गाडी पंधरा लिटर सहज पिईल.

ह्यांनी वही बघितली. म्हणाले, "विकली तर पैसे परत येतात की." येतील. पण कधी आणि किती, ते घेणारा ठरवणार.

नांदेडचा मधला माणूस मात्र रोज फोन करायचा. "ही व्हिंटेज गाडी आहे, भाव वाढतच जाणार, वीस हजार इसार टाका." मी आरटीओत काम करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना विचारलं. २०२१ च्या नियमानं व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपात राखलेली गाडी. तिची पहिली नोंदणी वीस हजारांची, आणि नंतर ती प्रदर्शनाला, रॅलीला, नाहीतर पेट्रोल भरायला नि दुरुस्तीला तेवढी रस्त्यावर आणायची. रोजच्या वापराला चालत नाही. ही गाडी होती १९९१ ची. म्हणजे व्हिंटेजही नाही आणि नवीही नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी मोटारीचा कारखाना काढला, कुर्ल्याला. तिथं १९६४ पासून या घाटाची फियाट निघायला लागली, १९७४ ला तिचं नाव पद्मिनी झालं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. तेव्हापासून हौशी लोक शोधत फिरतात आणि मधले लोक भाव वाढवतात.

हे सगळं चाललेलं असताना मला एक जुनी हकिगत आठवली, बी.ए.ला असताना ऐकलेली. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाले तेव्हा त्यांच्या घरी स्वतःची मोटार नव्हती. मुलांनी हट्ट धरला. चौकशी केली तर नवी फियाट बारा हजारांना. शास्त्रीजींकडे बँकेत सात हजार. पंतप्रधानांनी पंजाब नॅशनल बँकेकडे पाच हजारांच्या कर्जाचा अर्ज केला, आणि गाडी आली. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला ते वारले, तेव्हा कर्ज अजून फिटलेलं नव्हतं. ते कुणी फेडलं? ललिताबाईंनी. मिळणाऱ्या पेन्शनमधून, हप्त्या-हप्त्यानं. ती गाडी आजही दिल्लीला त्यांच्या स्मारकात ठेवली आहे.

ही गोष्ट शास्त्रीजींच्या साधेपणाची म्हणून सांगतात, आणि ती आहेच. पण मी बचतगटात काम करते. मला गाडीपेक्षा ते हप्ते दिसतात. आपल्या गटांत किती जणी अशा आहेत? कर्ज बाईच्या नावावर, मोटारसायकल नवऱ्याच्या नावावर, आणि माणूस गेल्यावर बाईच्या हातात हप्ता तेवढा उरतो. गाडी दीर घेऊन जातो.

एका रविवारी आम्ही दोघं एसटीनं नांदेडला गेलो. मधल्या माणसाला न सांगता. दार एका म्हाताऱ्या मावशींनी उघडलं. गाडी खरंच देखणी होती. फिक्कट निळी, आतली सीट अजून शाबूत. ह्यांनी दारावर नुसता हात ठेवला. मिस्तरीला सोबत नेलं होतं, तो खाली आडवा झाला आणि म्हणाला, "इंजिन जागेवर आहे, पण तळाचा पत्रा गळलाय. रबरी नळ्या सगळ्या बदला. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, जुनं रबर त्यानं लवकर खराब होतं." मी आरसी मागितली. गाडी मावशींच्या मालकांच्या नावावर. ते तीन वर्षांपूर्वी वारले. नोंदणीची मुदत २०१६ लाच संपलेली. पुण्याला दोन मुलं. आणि मावशींना तर गाडी एक लाख दहा हजारांना विकायला काढली आहे हेच माहीत नव्हतं! त्यांना पंचावन्न हजार मिळतील असं सांगितलं होतं.

इसार दिला असता तर तो कुणाच्या खिशात गेला असता, तुम्हीच बघा.

मेलेल्या माणसाच्या नावावरची गाडी थेट विकत घेता येत नाही. आधी ती वारसाच्या नावावर व्हावी लागते. नमुना ३१ भरायचा, मृत्यूचा दाखला जोडायचा, बाकी वारसांची हरकत नसल्याचं लिहून घ्यायचं. नियमानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नावावर करून घ्यायची असते. आपल्याकडे कोण करतं? गावोगाव बायकांच्या घरी मेलेल्या नवऱ्याच्या नावाची मोटारसायकल उभी आहे, मुलगा ती चालवतो, आणि अपघात झाला की विम्याची भानगड सुरू होते. तुमच्या घरी असं असेल तर नमुना ३१ हे नाव लिहून ठेवा. आणि मालक हयात असतील, सुखात असतील, तर आरसीवर वारसदाराचं, म्हणजे नॉमिनीचं, नाव घालून घ्या. २०२१ पासून ती सोय झाली आहे. हे बोलायला घरात जरा अवघड जातं, मलाही गेलं. आमच्या मोटारसायकलवर आता माझं नाव आहे.

परतीच्या गाडीत लोह्यापर्यंत हे काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "लेकीच्या पैशाला हात लावायचा नव्हता मला." मी म्हटलं, मलाही कळत होतं. अर्ज मी पिशवीतून काढून तिथंच फाडला. पुढच्या बैठकीत हे सगळं जसंच्या तसं सांगितलं, अध्यक्षबाईंना जरा राग आला. जीपवाल्या वहिनीनं बैठक संपल्यावर चहा केला आणि विचारलं, "मग आता गाडी?"

गाडी घेतली नाही. गिरणीवर एक डबा ठेवला आहे, पीठ चाळून उरलेला कोंडा विकतात त्याचे पैसे हे त्यात टाकतात. मी विचारत नाही किती झाले. मावशींचा नमुना ३१ आम्ही भरून दिला, पुण्याच्या मुलांच्या सह्या यायला दोन महिने लागले. परवा त्यांचा फोन आला. "गाडी आता माझ्या नावावर झाली. गिऱ्हाईक येईल तेव्हा येईल. पण नुसती उभी राहून बॅटरी उतरते, जावईबापूंना म्हणावं रविवारी येऊन जरा सुरू करून जा."

तर या रविवारी आम्ही नांदेडला जाणार आहोत, एसटीनं. माझं अर्धं तिकीट, ह्यांचं पूर्ण. नोंदणी नाही म्हणून गाडी वाड्याबाहेर काढता येणार नाही. सासऱ्यांचा एक जुना पिवळा फडका ट्रंकेत होता, काच पुसायचा. तो ह्यांनी आत्ताच धुऊन वाळत घातला आहे.